अंगणापर्यंत गेलेली बालवाडी

खेड्यापाड्यांतील दुर्बल कुटुंबांना आज जी सार्वजनिक संस्था सर्वांत जवळची आहे, त्या अंगणवाडीचा उगम डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी झाला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. परंतु बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे येथपासून कामाला सुरुवात होई, आणि माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, खडे, बिया व पाने यांवर मोजणी, रंग आणि आकार शिकवले जात. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाल्यावर असे दिसले की, घरातील थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसते म्हणून तिची शाळा सुटते; त्यामुळे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र बांधणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली, तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा थेट चराईच्या रानात गेली, तिलाच कुरणशाळा म्हणत. मूल का येत नाही याचा शोध त्याच्या घरच्या कामात घ्यायचा आणि त्यानुसार केंद्राची जागा व वेळ ठरवायची, ही या प्रयोगांमागची दृष्टी होती, आणि तिचे मोल आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे आजारी बालकाला पुढील उपचारांसाठी योग्य रुग्णालयात पाठवणे), पूर्वप्राथमिक शिक्षण आणि मातांसाठी आरोग्य व आहारविषयक शिक्षण अशा सहा सेवा या केंद्रातून मिळतात. मात्र केंद्र दिवसातले काही तासच उघडे असते आणि शेतमजूर आई सकाळी जाते ती संध्याकाळी परतते. तीन वर्षांखालील मुलांना केंद्रात ताजे जेवण मिळत नाही, त्यांच्यासाठी कोरडा ‘घरपोच आहार’ दिला जातो, आणि जिथे सगळ्यांचीच उपासमार आहे अशा घरात ते पाकीट एकट्या तान्ह्यासाठी राहत नाही. कुपोषणाची सर्वाधिक हानी याच वयात होते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019–21) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के बालके खुजी, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंचीची, तर 25.6 टक्के बालके कृश, म्हणजे उंचीच्या मानाने कमी वजनाची होती. कृशतेचा हा आकडा आधीच्या सर्वेक्षणातही नेमका एवढाच होता. अशा बालकांसाठी राज्याने अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्राची सोय केली. सेविका बालकाच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळते, आणि दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, पट्टीच्या लाल भागात आला, तर ते मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित ठरते. त्याला ताप, सूज वा अन्य गुंतागुंत नसेल आणि भूक शाबूत असेल, तर काही आठवडे दिवसातून अनेकदा थोडेथोडे खाऊ घालून गावातच सावरता येते. गुंतागुंत असल्यास त्याला रुग्णालयात आईसह दाखल करावे लागते, आणि तिथे आईला बुडीत मजुरी देण्याची जी तरतूद आहे ती अत्यंत शहाणपणाची आहे, कारण रोजंदारी बुडते म्हणून उपचार अर्धवट सोडून मूल घरी नेणाऱ्या आईला दोष देण्यात काहीच अर्थ नसतो.

खरा पेच स्थलांतराचा आहे. जव्हार-मोखाडा भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ‘जगायला’ बाहेर पडतात, ठेकेदाराकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर राबतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाड्यावर नोंदवलेले, वजन वाढू लागलेले बालक मधूनच दिसेनासे होते. नियमानुसार त्याला कोणत्याही अंगणवाडीत आहार मिळू शकतो, पण भट्टी गावाबाहेर असते, तिथली झोपडी कुणाच्या सर्वेक्षणात येत नाही, आणि विटा थापणारी आई काम सोडून तान्ह्याला दूरच्या केंद्रात नेऊ शकत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ चालवल्या (भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात), आणि शाळेच्या वयाच्या मुलांपुरते तरी कुरणशाळेचे सूत्र तिथे पुन्हा उभे राहिले. तीन वर्षांखालच्या बालकांसाठी मात्र दिवाळी ते मृग या काळात भट्टीवरच पाळणाघर हवे, कामाचे सर्व तास उघडे राहणारे, ताजे अन्न शिजवणारे आणि पाड्यावरच्या सेविकेने केलेल्या वजनाच्या नोंदी पुढे चालवणारे. त्यासाठी लागणाऱ्या सेविकेला केवळ मानधनावर राबवून हे काम होणार नाही, तिला त्या हंगामापुरते पूर्ण दिवसाचे वेतन द्यावे लागेल.