तळेगावचा कारखाना आणि वाशिमचा फिटर

आयटीआयला फिटर ट्रेडमध्ये नाव लागलेल्या मुलाच्या हाती सुरुवातीला यंत्र येत नाही, कानस येते. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळायचा, दोन्ही हातांनी कानस सरळ रेषेत पुढं न्यायची, मग गुण्या लावून तुकडा उजेडाकडं धरायचा. फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचं. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात. पुढं ‘मेल-फीमेल’चा जॉब येतो: एकाच्या खाचेत दुसरा तुकडा अलगद सरकला पाहिजे, आणि मापात 0.04 मिलिमीटरपेक्षा जास्त चूक चालत नाही. दोन वर्षांचा हा ट्रेड. सोयाबीन, तूर आणि कापसावर जगणाऱ्या वाशिम जिल्ह्यात तो दाखला हातात पडला की बहुतेकांना पुण्याचाच रस्ता दिसतो.

1998 साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2018 मध्ये केंद्रानं देशातले मागे पडलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशिमचं नाव आलं. मोठा कारखाना इथं कधी उभा राहिला नाही. कारंज्याला कापसासाठी किलिक निक्सन कंपनीची शकुंतला रेल्वे आली. मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं, मग डिझेल आलं आणि शेवटी तीही गाडी थांबली. तेव्हा आपल्या मुलांनी रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसून साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करायचा आणि सकाळी चाकण, तळेगाव, रांजणगावच्या फाट्यावर उतरायचं, हे ठरून गेलं आहे. म्हणून तळेगावच्या एका कारखान्याची हकिकत वाशिमच्या माणसानं नीट समजून घ्यावी असं मला वाटतं.

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर 2008 मध्ये सुरू झाला. त्याच गावात बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 1908 साली, लोकांच्या एकेक पैशातून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता आणि तिथं शिकलेले कारागीर पुढं देशभर काचेच्या भट्ट्यांवर गेले. अमेरिकन कंपनीकडून तशी अपेक्षा ठेवणं वावगं नव्हतं. प्रेस शॉप, बॉडी शॉप, पेंट शॉप, असेंब्ली असा पूर्ण कारखाना, 2010 मध्ये इंजिनाचाही विभाग, वर्षाला 1 लाख 30 हजार गाड्यांची क्षमता. शेव्हरोले बीट ही इथली ओळखीची गाडी.

ही कंपनी महाराष्ट्रात दुसऱ्यांदा आली होती. 1928 मध्ये मुंबईत शिवडीला तिनं गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग बोटीनं येत आणि इथले हात त्यांची गाडी बांधत. 1953 मध्ये सरकारनं टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सांगितलं की नुसती जोडणी चालणार नाही, भागही इथं बनवा. जनरल मोटर्स आणि फोर्ड 1954 च्या सुमारास निघून गेल्या. कुर्ल्यात वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र राहिली. तिनंही सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लरच्या साहाय्यानं, डॉज-प्लीमथ जोडून केली होती. पण पुढं ती भाग बनवायला लागली आणि पद्मिनी मोटार घडवणारी कामगारांची पिढी त्यातून तयार झाली. जोडणारा कारखाना आणि घडवणारा कारखाना यांतला फरक त्या कामगारांच्या हातांत दिसत होता.

खुद्द अमेरिकेत हा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नसे. फोर्डनं 1913 मध्ये हायलंड पार्कला सरकती असेंब्ली लाइन सुरू केली, तेव्हा एका माणसाच्या वाट्याला एकच हालचाल आली; ती कुणालाही चटकन शिकवता येई. पण लाइन चालती ठेवणारे वेगळे होते. टूल अँड डाय मेकर, इलेक्ट्रिशियन, मिलराइट, पाइपफिटर यांना तिथं ‘स्किल्ड ट्रेड्स’ म्हणत, त्यांची उमेदवारी कित्येक वर्षांची. फोर्डनं 1916 मध्ये मुलांसाठी स्वतःची ट्रेड स्कूल काढली, ती 1952 पर्यंत चालली. 1936-37 च्या हिवाळ्यात फ्लिंटच्या कामगारांनी 44 दिवस कारखान्यातच ठाण मांडून जनरल मोटर्सला युनियन मान्य करायला लावली, आणि त्यानंतरच्या काळात कारखान्यातल्या पगारावर घर, मुलांचं कॉलेज, पेन्शन जमू लागलं.

मग जपानी गाड्या, रोबो, मेक्सिकोत गेलेले विभाग. मोटारी आणि त्यांचे भाग बनवणाऱ्या अमेरिकन कारखान्यांत 2000 साली सुमारे 13 लाख लोक होते. 2009 च्या मध्यावर जेमतेम सव्वासहा लाख उरले. त्या वर्षी 1 जूनला जनरल मोटर्सनं दिवाळखोरी जाहीर केली. डेट्रॉइटची लोकसंख्या 1950 मध्ये साडेअठरा लाख होती, 2010 मध्ये सात लाखांवर आली, आणि 2013 मध्ये ते शहरच दिवाळखोरीत गेलं. पुढं कंपनी सावरली, पण जिथं नफा नाही तिथून बाहेर पडायचं धोरण तिनं पक्कं केलं. तळेगाव त्या धोरणाच्या यादीत होतं.

मे 2017 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की वर्षअखेरीनंतर भारतात गाड्या विकणार नाही. त्याआधी काही आठवडे गुजरातचा हालोल कारखाना बंद झाला होता. तळेगावची लाइन मेक्सिकोसारख्या देशांना गाड्या पाठवण्यासाठी चालत राहिली. या तीन वर्षांचा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्या गाडीला आपल्या देशात आता गिऱ्हाईक नाही, ती गाडी कामगार रोज मापात, वेळेत, निर्यातीच्या दर्जानं बनवत होते. 24 डिसेंबर 2020 ला उत्पादन थांबलं. एप्रिल 2021 मध्ये 1419 कामगारांच्या हाती ले-ऑफची नोटीस पडली.

इथं कौशल्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण वर्तमानपत्रांत फक्त आकडे येतात. प्रेस शॉपमधली डाय घ्या. पत्र्याला दरवाजाचा किंवा बॉनेटचा आकार देणारा हा कित्येक टनांचा साचा मशिनवर कापून आला म्हणजे तयार झाला असं होत नाही. त्यावर निळा रंग लावतात, दोन भाग मिटवतात, उघडतात, आणि निळा कुठं उमटला, कुठं नाही हे बघून जास्तीची जागा दगडानं हातानंच घासतात. पुन्हा निळा, पुन्हा दगड. त्याला स्पॉटिंग म्हणतात. नजर आणि बोटं तयार व्हायला वर्षं लागतात. मेंटेनन्सच्या फिटरचंही तेच: कन्व्हेअरच्या आवाजात फरक पडला की कुठलं बेअरिंग जायला आलंय हे त्याला पॅनेलवर दिवा लागण्याआधी समजतं. हे ज्ञान त्या विशिष्ट मशिनच्या सहवासात साठतं. चाळिशीच्या माणसाला दुसऱ्या गेटवर ‘फ्रेश आयटीआय पाहिजे’ असं ऐकावं लागतं, तेव्हा बारा वर्षांचा सहवास एका वाक्यात निकालात निघतो.

आणि फ्रेश मुलाला तरी काय मिळतं? 2013 मध्ये ‘नीम’ नावाची योजना आली. शिकाऊ म्हणून घ्यायचं, स्टायपेंड द्यायचा, आणि मुदत संपली की पुढची बॅच. योजनेचा हेतू शिकवण्याचा होता. पुण्याच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी तिचा वापर लाइनवर स्वस्त माणूस उभा करण्यासाठी झाला. सहा महिने इथं, अकरा महिने तिथं अशी नोकरी करणारा मुलगा कुठल्याच मशिनच्या ओळखीचा होत नाही. हातातली कानस सुटते आणि न्यूमॅटिक गनचं बटण उरतं. अमेरिकेत जे घडायला कित्येक दशकं लागली, ते आपल्याकडं कौशल्य पुरतं रुजायच्या आधीच होतंय, याचं मला सर्वांत जास्त दुःख आहे.

कारखाना रिकामा राहिला नाही. जानेवारी 2020 मध्येच चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी विक्रीचा करार झाला होता. गलवानच्या भारत-चीन चकमकीनंतर चिनी गुंतवणुकीला परवानगी मिळेना आणि 2022 मध्ये तो करार सुटला. ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईनं करार केला, जानेवारी 2024 मध्ये ताबा घेतला, आणि 2025 मध्ये तिथं पुन्हा उत्पादन सुरू झालं. महाराष्ट्रासाठी ही चांगलीच बातमी आहे. मात्र करारात जमीन, इमारती आणि यंत्रसामग्री होती. ऑक्टोबर 2023 मध्ये जुने कामगार साखळी उपोषणाला बसले. नव्या कंपनीनं आपल्याला कामावर घ्यावं, एवढीच त्यांची मागणी होती.

कायद्याच्या भाषेत उद्योग विकणं वेगळं आणि मालमत्ता विकणं वेगळं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या 25-एफएफ कलमात मालकी बदलताना कामगाराच्या सेवेचा आणि भरपाईचा विचार होता. पण शेड आणि प्रेस विकल्या, उद्योग विकला नाही, असं म्हटलं की त्या कलमाचा आधार डळमळत असे. शंभर किंवा जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची आगाऊ परवानगी लागे. तळेगावच्या युनियनला इतकी वर्षं भांडता आलं ते मुख्यतः या तरतुदीच्या जोरावर. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि परवानगीची ती मर्यादा 300 वर गेली. मोठ्या कंपन्यांना भाग पुरवणारे जे असंख्य छोटे व्हेंडर चाकण-तळेगावच्या आडरस्त्यांवर आहेत, जिथं वाशिमचा, रिसोडचा, मानोऱ्याचा फिटर पहिल्यांदा कार्ड पंच करतो, त्यांच्यापैकी बहुतेकांचा पट या आकड्याच्या आत बसतो.