जुन्या मोटारीचे मोल

जुनी मोटार देऊन नवी घेणाऱ्यापुढे विक्रेता प्रथम ‘एक्स्चेंज बोनस’चे आमिष ठेवतो. वस्तुतः जुन्या गाडीची किंमत व नव्या गाडीवरील सूट ही दोन स्वतंत्र खाती होत. ती एकत्र कालविली की एकीकडील औदार्य दुसरीकडून वसूल करता येते. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. जुन्या गाडीचा भाव बाहेरही विचारावा. व्यवहार झालाच, तर नोंदणीतील नाव बदलेपर्यंत स्वस्थ बसू नये. अपघाताच्या भरपाईस नोंदणीकृत मालकच उत्तरदायी, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

पण विकलीच पाहिजे काय? मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी पगारातून पै पै साठवून घेतलेली ती गाडी काही दारांत अजून उभी आहे. पंधरा वर्षांनंतर, तपासणीत योग्य ठरल्यास, महाराष्ट्रात नोंदणी पाच वर्षांसाठी वाढविता येते. मात्र त्याचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले. वीस वर्षांपुढील गाडीस २०२५ पासून १०,००० पडतात. जिव्हाळ्याचाही हिशेब मांडावा लागतो तो असा. हे शुल्क व दुरुस्ती मिळून नव्या गाडीच्या हप्त्यांहून कमी भरत असेल आणि गाडी सुरक्षित असेल, तर लेकीची पाठवणी जिच्यातून केली, तिला केवळ बोनसच्या मोहाने दाराबाहेर काढू नये.