फवारणीनंतर आधी साबण

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्यातला कपाशीचा तालुका. इथलं घातक रसायन पाठीवरच्या फवारणी पंपातच असतं. २०१७च्या खरिपात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. प्रोफेनोफॉससारखी कीटकनाशकं कातडीतूनही शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंचं काम बिघडवतात: लाळ सुटते, दरदरून घाम येतो, श्वास अडतो. शेतात पहिला उपाय साबण-पाणीच. भिजलेले कपडे लगेच उतरवा, अंग भरपूर धुवा, डोळ्यांत कीटकनाशक गेलं असेल तर पंधरा मिनिटं पाणी मारत राहा. मग तडक दवाखाना, बाटलीच्या लेबलासकट, म्हणजे डॉक्टरांना अ‍ॅट्रोपीन हे उताऱ्याचं औषध द्यायचं की नाही ते ठरवता येतं. मास्क-हातमोजे बाजारात मिळतात. पण ते मजुराने स्वतःच्या रोजीतून घ्यावेत, ही अपेक्षाच चुकीची; खर्च शेतमालकाने उचलावा.