रेडॉनवाला बोलावण्याआधी

लालबागेत केंपेगौडाच्या मनोऱ्याखाली जो उघडा कातळ आहे, तो सुमारे 300 कोटी वर्षांपूर्वीचा. बंगळुरूचा बराचसा भाग याच जातीच्या खडकावर वसला आहे. नैऋत्येला रामनगरकडे गेलं की क्लोजपेट ग्रॅनाइट लागतो, म्हणजे 'शोले'तले डोंगर. अशा खडकांत युरेनियम अत्यल्प प्रमाणात असतंच. त्याचा क्षय होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. या वायूला रंग नाही, वास नाही. जमिनीतून तो झिरपतो आणि फरशीच्या भेगांतून, पाइपांच्या भोकांतून घरात शिरतो. वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो.

न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात घर घेतलेल्या मराठी मंडळींना रेडॉनची तपासणी नवी नसते. तिथून परतून बंगळुरूत सर्जापूर रोडला नाहीतर व्हाइटफील्डला बंगला घेतला की ते विचारू लागतात, इथे रेडॉन काढून देणारा कोणी मिळेल का? मिळेलही, पण आपल्या घरात तो मुळात आहे किती, हे आधी विचारायला हवं.

'एवढा ग्रॅनाइट म्हणजे इथली सगळीच घरं धोक्यात' असं अनेकांना वाटतं. तसं नाही. भारतभरच्या मोजण्यांचा 2011 साली आढावा घेतला गेला, तेव्हा घरांतल्या रेडॉनची सरासरी घनमीटरमागे सुमारे 23 बेक्वेरेल (किरणोत्साराचं एकक) निघाली. जागतिक सरासरी 40च्या आसपास आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009मध्ये 100ची पातळी सुचवली आणि जिथे ती गाठणं शक्य नाही तिथेही 300च्या वर जाऊ नये असं म्हटलं. मात्र सरासरी म्हणजे तुमचं घर नव्हे. शेजारच्या दोन घरांत मोठा फरक पडू शकतो. बंगळुरूतल्या अभ्यासकांना लहान, कोंदट खोल्यांत रेडॉन जास्त आढळला आहे.

'हे थंड देशांतलं दुखणं' हा समज अर्धा खरा आहे. खिडक्या उघड्या ठेवण्याची आपली सवय आणि इथली हवा यांनी आजवर बरंच सांभाळलं. पण बंगल्यात जमिनीखाली होम थिएटर किंवा ऑफिस काढलं आणि दिवसभर काचा लावून एसी चालवला, तर ती सवय काही कामाची नाही. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्यांनी मात्र उगाच झोप उडवून घेऊ नये. जमिनीतला वायू तिथवर फारसा पोचत नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटचीही धास्ती नको, त्याचा वाटा सहसा नगण्य असतो.

बंगळुरूत खरं लक्ष द्यायला हवं ते बोअरवेलकडे. शहराच्या काही भागांतल्या भूजलाचा अभ्यास 2010मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एखाद्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे हजाराच्या वर बेक्वेरेल रेडॉन सापडला. युरोपीय संघ पिण्याच्या पाण्यासाठी 100चा आकडा धरतो. कावेरीचं पाणी नदीचं, त्यात हा प्रश्न जवळपास नाहीच. पण बाहेरच्या वस्त्यांना अनेक वर्षं बोअरवेल आणि टँकरच भागवत आले.

त्यावर 'आमच्याकडे आरओ आहे' हे उत्तर ठरलेलं. आरओ क्षार अडवतो, विरघळलेला वायू त्याच्यातून निसटतो. शिवाय धोका पिण्यापेक्षा श्वासातून अधिक. शॉवर, धुणं, भांडी यांतून रेडॉन हवेत येतो. ढोबळ हिशेब असा की पाण्यातल्या रेडॉनचा दहाहजारावा भाग घरच्या हवेत उतरतो. म्हणजे लिटरमागे हजार बेक्वेरेलचं पाणी थेट नळाला आलं, तर हवेत घनमीटरमागे शंभरेक बेक्वेरेलची भर. दिलासा एवढाच की आपलं पाणी थेट नळाला येत नाही. जमिनीखालच्या टाकीत (संपमध्ये) आणि गच्चीवरच्या टाकीत पडताना ते फेसाळतं आणि बराच रेडॉन तिथेच उडून जातो. उरलेला साठवणीत दर 3.8 दिवसांनी निम्मा होतो. टाकीला झरोका ठेवला आणि पाणी वरून फवारून पाडलं, तर स्वस्तात मोठं काम होतं.

एअर प्युरिफायर हा रेडॉनवरचा उपाय नव्हे. त्याची गाळणी धूळ धरते, वायू धरत नाही. खोकला किंवा डोकेदुखी हीदेखील रेडॉनची खूण नाही. तो लक्षणं दाखवत नाही. त्याच्या क्षयातून निघणारे पोलोनियमचे कण फुप्फुसात बसतात आणि वर्षानुवर्षांनी कर्करोगाचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा अंदाज असा की घनमीटरमागे 148 बेक्वेरेलच्या घरात आयुष्य काढणाऱ्या हजार धूम्रपान करणाऱ्यांपैकी 62 जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. कधीच न ओढणाऱ्यांत हा आकडा 7 आहे. घरात कोणी सिगारेट किंवा बिडी ओढत असेल तर रेडॉन काढण्यावर खर्च करण्याआधी ती बंद करणं जास्त फायद्याचं.

आता तज्ज्ञाकडे वळू. अमेरिकेतल्यासारखी रेडॉन-कारागिरांची प्रमाणपत्राची व्यवस्था आपल्याकडे रुजलेली नाही, त्यामुळे पारख तुम्हालाच करावी लागते. मोजणी दोन-तीन महिन्यांची असावी, शक्यतो थंडीतली, आणि जिथे झोपता-बसता त्या सर्वांत खालच्या खोलीतली. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या छोट्या डब्या विद्यापीठांचे भौतिकशास्त्र विभाग वापरतात. आतल्या फिल्मवर अल्फा कणांचे व्रण उमटतात आणि ते मोजून आकडा निघतो. तासाभरात मीटर दाखवून 'साहेब, फार आहे' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.

'भेगा बुजवल्या की झालं' हे गवंड्याचं आवडतं वाक्य. भेगा बुजवायच्याच, पण वायू दुसरी वाट शोधतो. नुसता एक्झॉस्ट फॅन लावला तर खोलीतला दाब घटून जमिनीतला वायू उलट अधिक ओढला जाऊ शकतो. भरवशाची पद्धत अशी: फरशीला भोक पाडून खाली छोटा खड्डा करायचा, त्यात पीव्हीसी पाइप बसवायचा, तो गच्चीच्या वर खिडक्यांपासून दूर न्यायचा आणि पाइपवर सतत चालणारा पंखा लावायचा. फरशीखालची हवा घरात येण्याआधीच बाहेर पडते.

अडचण आपल्या भरावाची. फरशीखाली दगड-खडी असेल तर ओढ दूरवर पोचते, पण चिकणमातीचा भराव असेल तर एक खड्डा पुरत नाही. म्हणून जाणकार माणूस आधी एका भोकातून हवा ओढून दूरच्या दुसऱ्या भोकात दाब मोजतो आणि मगच खर्चाचा आकडा सांगतो. फोनवर चौरस फुटाचा भाव सांगणाऱ्याने ही चाचणी केलेलीच नसते.

करारात शेवटचा हप्ता फेरमोजणीनंतर द्यायचा असं लिहून घ्या, आणि ती मोजणी त्याच माणसाने करू नये. पाइपवर रंगीत पाण्याची यू-नळी बसवायला सांगा. दोन्ही बाजूंचं पाणी समान पातळीला आलं की पंखा ओढत नाही हे घरातल्या कोणालाही दिसतं. पंखा इन्व्हर्टरवर असावा. उन्हाळ्यात बंगळुरूची वीज गेली की ओढ थांबते आणि काही तासांत वायू पुन्हा साठू लागतो.