झुबक्याची पारख

नरक चतुर्दशीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड नटूनथटून निघालेल्या पोरापोरींनी भरून जातो. आमच्या घरी त्या पहाटेची सुरुवात बाबांच्या दाढीने व्हायची. उटणं लावायच्या आधी दाढी उरकलेली असायची. स्टीलच्या वाटीत कोमट पाणी, गोदरेजच्या दाढीच्या साबणाची गोल वडी, शेजारी तुरटीचा खडा आणि हस्तिदंती रंगाच्या मुठीचा ब्रश. बाबा गेले, ब्रश माझ्याकडे आला. एका सकाळी फेस करताना केसांचा सगळा झुबका मुठीतून सुटून वाटीत पडला. तळाचा डिंक वर्षानुवर्षांच्या पाण्याने कुजला होता. मूठ मात्र ठणठणीत होती. या मुठीत बसेल असा झुबका शोधायचा असं तेव्हाच ठरवलं, आणि त्या शोधात एका जुन्या, चिवट कारागिरीची ओळख झाली.

ठाण्याला दाढी हा विषय परका नाही. ‘सुपरमॅक्स’ची पाती इथेच बनली आणि ठाण्याचं नाव छापलेली पाकिटं परदेशातल्या दुकानांपर्यंत पोचली. पात्याबद्दल सगळे बोलतात, ब्रशाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खरं तर पात्याचं निम्मं काम ब्रशच करून ठेवतो. कोरडा दाढीचा केस ताठ असतो. दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की तो नरमतो आणि पातं सहज चालतं. फेस हे पाणी गालावर धरून ठेवतो, ब्रश ते केसांच्या मुळाशी पोचवतो.

हाताने बनवलेल्या ब्रशाचा जीव मुठीत नसतो, झुबक्यात असतो. कारागीर केस वजन करून घेतो आणि टोकं खाली ठेवून एका छोट्या खोलगट साच्यात भरतो. साचा ठोकत राहिलं की केस आपोआप त्या खोलगटपणाचा आकार घेतात. मग मुळाकडून दोरा आवळून बांधायचा आणि ती बाजू डिंकात बसवायची. टोकांना कात्री लावायची नाही, ही या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट. निसर्गतः निमुळतं होत गेलेलं टोक गालाला मऊ लागतं. कापलेलं टोक टोचतं. साचा घुमटासारखा असेल तर झुबका गोल होतो, त्याला बल्ब म्हणतात. उथळ असेल तर पंख्यासारखा पसरतो, तो फॅन.

जुन्या युरोपीय कारखान्यांनी या कामासाठी मुख्यतः बॅजर या प्राण्याचे केस वापरले. लंडनची केंट 1777 पासूनची, पॅरिसची प्लिसाँ 1808 ची, सिम्पसन 1919 ची. बॅजरच्या केसाचं रूप ओळखू येण्यासारखं असतं: मुळाशी फिका, मध्ये काळा पट्टा, टोकाला पुन्हा पांढरा. सगळ्यात स्वस्त प्रत ‘प्युअर’. यातले केस काळपट, जाडसर आणि राठ; बऱ्याचदा आकारासाठी टोकं कापलेली. ‘बेस्ट’ त्याहून मऊ आणि लांब. ‘सुपर’मध्ये टोकांचा पांढरेपणा वाढतो. ‘सिल्वरटिप’ची टोकं इतकी बारीक असतात की ओला झुबका गालावर टेकवला तर केस लागतच नाहीत, नुसती ऊब लागते. ‘टू-बँड’ नावाची प्रत वेगळी: मुळाशी पांढरा भाग जवळपास दिसतच नाही, काळा पट्टा मोठा आणि केस ताठ, त्यामुळे टोकं मऊ असूनही झुबका लोळत नाही.

ही नावं ऐकायला प्रमाणपत्रासारखी वाटतात, पण त्यांच्यामागे सगळ्यांना बांधणारं एकच मोजमाप नाही. एका कारखान्याचा ‘सुपर’ दुसऱ्याचा ‘बेस्ट’ असू शकतो. हा धडा मी पैसे मोजून शिकलो. पहिला झुबका मागवला तो ‘सिल्वरटिप’ म्हणून. टोकं पांढरीशुभ्र, अगदी खडूसारखी. तीन-चार दाढ्यांत हनुवटीखाली टोचायला लागला. भिंगाखाली पाहिलं तर टोकं निमुळती नव्हतीच. सपाट कापलेली होती आणि ब्लीच करून पांढरी केली होती. अस्सल टोकाचा पांढरा रंग किंचित सायीकडे झुकतो. काळा आणि पांढरा यांच्यातली सीमाही एका रेषेत कापल्यासारखी नसते, थोडी विरघळलेली असते. तेव्हापासून मी नावाकडे बघायचं सोडलं आणि भिंग हाताशी ठेवलं.

झुबका पारखायचा तर आधी दोन आकडे बघावेत. पहिला तळाचा व्यास, तो बहुधा 20 ते 28 मिलिमीटर असतो. दुसरा मुठीबाहेर दिसणाऱ्या केसांची उंची, तिला लॉफ्ट म्हणतात. 24 मिलिमीटर व्यासाचा झुबका 48 वर बसवला तर कणखर होतो; तोच 55 वर बसवला तर लवचीक आणि लोळणारा. केस तेच, ब्रश मात्र दोन. मग ओला करून बघावं. तळहातावर गोल फिरवताना मधोमध तो दबून राहतो की उसळी घेतो, टोकं सुईसारखी लागतात की लोण्यासारखी, आणि दाबल्यावर फेस सोडतो की पोटात धरून बसतो. फार घट्ट भरलेला झुबका हातात भारदस्त वाटतो, पण साबण गिळतो. ट्यूबमधल्या क्रीमला मऊ झुबका चालतो; कडक वडीवरून साबण उचलायचा तर कणा लागतो.

डुकराच्या राठ केसांचा ब्रश या सगळ्यांत स्वस्त आणि अतिशय प्रामाणिक. 1931 मध्ये सुरू झालेल्या इटलीच्या ओमेगाने त्याच्यावर नाव कमावलं. हा केस स्वतः पाणी पितो, म्हणून आधी भिजत ठेवावा लागतो. वापरता वापरता त्याची टोकं दोन-तीन फाट्यांत चिरतात आणि महिन्याभरात तो मऊ होतो. घोड्याच्या आयाळीचा आणि शेपटीचा केस बॅजर आणि डुकराच्या केसांच्या मधला, आणि तो कापून घेता येतो, त्यासाठी जनावर मारावं लागत नाही.

पण घोड्याच्या केसाच्या नावावर एक काळी नोंद आहे. पहिल्या महायुद्धात केसांच्या व्यापाराची जुनी वाट तुटली. नीट निर्जंतुक न केलेले केस थेट कारखान्यांत पोचले. बॅजरसारखे दिसावेत म्हणून रंगवलेल्या घोड्याच्या केसांच्या स्वस्त ब्रशांतून अँथ्रॅक्सचे जंतू सैनिकांच्या गालांवर गेले. 1915 ते 1924 या काळात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अशा ब्रशांमुळे लागण झाली, माणसं दगावली. गालावरच्या एका बारीक कापातून जंतू शिरत होते.

ज्या ब्रिटनने बॅजरचा ब्रश नावारूपाला आणला, त्या ब्रिटनमध्ये आज बॅजरला कायद्याचं संरक्षण आहे. 1992 चा कायदा परवान्याशिवाय त्याला मारू देत नाही, त्याच्या बिळालाही हात लावू देत नाही. मग ब्रशासाठी केस येतात कुठून? मुख्यतः चीनमधून. तिथल्या बॅजर-पालनाची चित्रफीत पेटा या प्राणिहक्क संघटनेने 2018 मध्ये बाहेर आणली आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी हा केस वापरणं सोडलं. ती चित्रफीत मी पूर्ण पाहू शकलो नाही. आपल्याकडेही असंच एक दुखणं आहे, फक्त ते दाढीच्या नाही, चित्रकलेच्या ब्रशात आहे. मुंगसाच्या केसांचे ब्रश 1972 च्या वन्यजीव कायद्याने बेकायदा आहेत, तरी विकले जात राहिले. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने देशभर धाडी घातल्या, तेव्हा हजारो ब्रश सापडले. एका मुंगसापासून कामाचे केस मिळतात जेमतेम काही ग्रॅम. हे कळल्यावर हातातला झुबका पूर्वीसारखा हलका लागत नाही.

इथल्या हवेचा आणि पाण्याचाही विचार करावा लागतो. कल्याण-डोंबिवलीच्या नळाला उल्हास नदीचं पाणी येतं, ते साबणाला मानवतं. पण पाणीकपातीत टँकरने बोअरचं पाणी आलं की तोच साबण रुसतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून पांढरा चोथा करतात आणि तो झुबक्याच्या मुळाशी साठतो. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवलं तर तो सुटतो. त्याहून मोठी परीक्षा पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर बाथरूममध्ये काहीच वाळत नाही. जनावराच्या केसाचा दाट झुबका दुसऱ्या सकाळीही आतून ओला असतो आणि कुबट वास धरतो. बंद डबीत ठेवला तर कसर लागते. नैसर्गिक केस शेवटी लोकरीच्याच जातीचा.

म्हणून शेवटी मी सिंथेटिक धाग्याकडे वळलो. जुन्या नायलॉनचे ब्रश खराट्यासारखे असायचे, म्हणून मनात अढी होती. आताच्या धाग्याचं टोक निमुळतं घडवलेलं असतं. तो पाणी पीत नाही, त्यामुळे भिजत ठेवायला नको. अर्ध्या मिनिटात फेस येतो आणि दुपारपर्यंत वाळतो. चांगल्या टू-बँडची ती जड, उबदार पकड त्यात नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण गालाला हवा तो मऊपणा आहे, आणि त्यासाठी कुणाचा जीव गेलेला नाही.

बाबांच्या मुठीतला जुना डिंक मी ड्रिलच्या पात्याने हाताने खरवडून काढला. व्हर्नियरने खाच मोजली, 22 मिलिमीटर भरली. त्याच मापाचा पंख्याच्या आकाराचा झुबका आणला, लॉफ्ट 50 ठेवली आणि अरल्डाइट लावून दोन दिवस उभा करून ठेवला. मुठीच्या कमरेला बाबांच्या अंगठ्याने झिजलेली एक जागा आहे. माझा अंगठा तिथेच बसतो.