विश्लेषण : मॉलच्या मधोमध ग्रंथालय, पण पुस्तक घरी नेता येत नाही! दक्षिण कोरियातील प्रयोग काय सांगतो?

सोलला जाऊन आलेल्या पर्यटकाच्या मोबाइलमध्ये एक छायाचित्र हमखास असते. छतापर्यंत गेलेली पुस्तकांची भिंत, तिच्या बाजूने वर जाणारा सरकता जिना आणि खाली पुस्तकात डोके घालून बसलेली माणसे. हे दृश्य राजवाड्यातले किंवा विद्यापीठातले नाही, तर चक्क एका शॉपिंग मॉलमधले आहे. गंगनम भागातील कोएक्स मॉलमध्ये २०१७ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयाने मॉलचे नशीब पालटले. २०२४ मध्ये सुवॉन शहरात त्याची आणखी उंच आवृत्ती उभी राहिली. याच काळात कोरियातील प्रौढांचे वाचन मात्र घसरत नीचांकाला पोहोचले. मग या पुस्तकांच्या भिंती नेमक्या कशासाठी आहेत? त्यांना ग्रंथालय म्हणावे का?

कोएक्समधील ग्रंथालय कसे आहे?

सोलच्या दक्षिणेकडील गंगनम हा शहराचा श्रीमंत, झगमगता भाग. ‘गंगनम स्टाइल’ या गाण्यामुळे तो जगाला माहीत झाला. कोएक्सच्या बाहेर त्या गाण्यातील नाचाच्या मुद्रेचे, एकावर एक ठेवलेल्या हातांचे भलेमोठे शिल्पही आहे. प्रदर्शन केंद्र, हॉटेले आणि कार्यालये असलेल्या या संकुलाच्या पोटात भुयारी मॉल पसरला आहे. त्याच्या मध्यभागी, तळघर आणि पहिला मजला मिळून सुमारे २,८०० चौरस मीटर, म्हणजे साधारण ३० हजार चौरस फूट जागेत ‘स्टारफील्ड ग्रंथालय’ आहे. ३१ मे २०१७ रोजी ते खुले झाले.

येथील सर्वात मोठी कपाटे १३ मीटर उंच आहेत, म्हणजे चार मजली इमारतीएवढी. वर काचेचे छत असल्याने तळघरात असूनही भरपूर उजेड येतो. सुरुवातीला सुमारे ५० हजार पुस्तके आणि शेकडो नियतकालिके होती. पुढे संख्या वाढत गेली. आत जायला दार नाही, तिकीट नाही, नोंदणी नाही. कोणीही यावे, हाताला लागेल ते पुस्तक काढावे आणि बसावे. लॅपटॉप लावायला टेबले आहेत, संध्याकाळी व्याख्याने आणि छोट्या मैफली होतात. फक्त एक गोष्ट करता येत नाही. पुस्तक घरी नेता येत नाही.

‘ब्योलमादांग’ म्हणजे काय?

या जागेचे कोरियन नाव ‘ब्योलमादांग’. ‘ब्योल’ म्हणजे तारा आणि ‘मादांग’ म्हणजे अंगण. पारंपरिक कोरियन घराला आपल्याकडच्या जुन्या घरांसारखेच अंगण असे. धान्य वाळवणे, लग्नकार्य, शेजाऱ्यांच्या गप्पा हे सारे तिथेच होई. बहुमजली इमारतींच्या आजच्या सोलमध्ये घराचे अंगण जवळपास संपले आहे. त्यामुळे मॉलने आपल्या मध्यभागाला ‘ताऱ्यांचे अंगण’ म्हणणे अर्थपूर्ण ठरते. ही जागा का चालली, याचे अर्धे उत्तर या नावातच आहे. काहीही विकत न घेता, कोणी उठवणार नाही अशा खात्रीने बसता येईल अशा जागा मोठ्या शहरांत फार कमी उरल्या आहेत.

मॉलला ग्रंथालयाची गरज का पडली?

कोएक्स मॉल २०००च्या सुमारास सुरू झाला आणि तरुणांचा आवडता अड्डा बनला. २०१४ मध्ये मोठ्या नूतनीकरणानंतर तो पुन्हा उघडला, तेव्हा मात्र लोकांचा हिरमोड झाला. सगळीकडे पांढऱ्या भिंती, एकसारख्या गल्ल्या आणि रस्ता चुकायला लावणारी रचना अशा तक्रारी होत्या. २०१६ च्या अखेरीस शिनसेगे या किरकोळ विक्री क्षेत्रातील बड्या समूहाने मॉल चालवण्याची जबाबदारी घेतली. मध्यवर्ती चौकात एखादे मोठे दालन थाटून भाडे कमावणे सहज शक्य होते. त्याऐवजी समूहाने सुमारे ६०० कोटी वॉन खर्चून तिथे पुस्तके मांडली. त्या वेळच्या दराने ही रक्कम ३५ कोटी रुपयांच्या घरात जाते.

त्यामागे हिशेब होता. कोरियात ऑनलाइन खरेदीचा वाटा जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. घरबसल्या रात्रीतून भाजी दारात येत असेल, तर माणसाने मॉलमध्ये का जावे? शिनसेगेचे प्रमुख चुंग योंग-जिन यांनी आपल्या मॉलची स्पर्धा थीम पार्क आणि बेसबॉल मैदानांशी असल्याची भूमिका मांडली होती. म्हणजे लढाई वस्तूंच्या किमतीची नसून माणसाच्या मोकळ्या वेळेची आहे. ग्रंथालय पाहायला आलेला माणूस तासभर थांबतो, मग कॉफी घेतो, जेवतो, एखादे दुकान फिरतो. पुस्तके फुकट असली, तरी त्यांच्याभोवतीचे काहीच फुकट नाही. पहिल्या वर्षात दोन कोटींहून अधिक लोक ग्रंथालयात येऊन गेल्याचे कंपनीने जाहीर केले. त्यांपैकी किती जणांनी पुस्तक उघडले, हा वेगळा प्रश्न.

ही कल्पना आली कुठून?

थेट प्रेरणा जपानची होती. सागा प्रांतातील ताकेओ या छोट्या शहराने २०१३ मध्ये आपले नगर ग्रंथालय ‘त्सुताया’ पुस्तक दुकानांच्या साखळीची मालक असलेल्या कंपनीकडे चालवायला दिले. उंच लाकडी कपाटे, आतच पुस्तकांचे दुकान आणि कॉफी शॉप या रचनेमुळे ते पर्यटनस्थळ बनले. तिथेही पुढे वाद झालाच. ग्रंथालयासाठी कालबाह्य झालेली मार्गदर्शक पुस्तके घेतल्याचे उघड झाले आणि ‘कपाटे सुंदर, पण आत काय?’ हा प्रश्न विचारला गेला.

खुद्द कोरियातही आधीचे उदाहरण होते. सोलच्या वायव्येला पाजू येथे प्रकाशकांनी वसवलेले ‘पुस्तकनगर’ आहे. तेथे जून २०१४ मध्ये ‘ज्ञानाचे अरण्य’ अशा अर्थाच्या नावाचे सभागृह खुले झाले. आठ मीटरपर्यंत उंच आणि एकूण तीन किलोमीटरहून लांब कपाटांत विद्वानांनी आणि प्रकाशकांनी दान केलेली पुस्तके तिथे आहेत. वरच्या फळ्यांपर्यंत हात पोहोचत नसेल आणि ग्रंथपालांऐवजी स्वयंसेवक काम पाहत असतील, तर ही दानाची पुस्तके केवळ शोभेची ठरत नाहीत का, अशी टीका तेव्हाही झाली होती.

सुवॉनमधील नवी आवृत्ती वेगळी आहे का?

सोलच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर सुवॉन आहे. तेथील ह्वासो स्थानकाजवळ जानेवारी २०२४ मध्ये ‘स्टारफील्ड सुवॉन’ सुरू झाले. येथील ग्रंथालय मॉलच्या चौथ्या ते सातव्या मजल्यांपर्यंत उभे आहे. कपाटांची उंची २२ मीटर, म्हणजे सात मजली इमारतीएवढी. कोएक्सचे ग्रंथालय चौकासारखे पसरलेले आहे, तर सुवॉनचे विहिरीसारखे खोल भासते. प्रत्येक मजल्याच्या कठड्यावरून खाली आणि वर पाहता येते. उद्घाटनानंतरच्या पहिल्या शनिवारी-रविवारी इतकी झुंबड उडाली, की गर्दी टाळण्याचे आवाहन करणारे संदेश नगर प्रशासनाला मोबाइलवर पाठवावे लागले.

पुस्तके ‘दाखवण्याची’ परंपरा कोरियात जुनी आहे का?

सुवॉनचे नाव येताच इतिहासातील एक प्रसंग आठवावा लागतो. या शहराभोवतीचा ह्वासोंग किल्ला १७९४ ते १७९६ दरम्यान जोसन घराण्यातील राजा जोंगजो याने बांधून घेतला. आज तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. हा राजा पुस्तकवेडा होता. १७७६ मध्ये गादीवर येताच त्याने ‘ग्युजांगगाक’ हे राजग्रंथालय स्थापन केले. कोरियन राजाच्या सिंहासनामागे सूर्य, चंद्र आणि पाच शिखरे यांचे चित्र असण्याचा रिवाज होता. जोंगजोने त्याऐवजी पुस्तकांनी भरलेल्या कपाटाचे चित्र लावले. राज्यकारभारातून वाचायला वेळ मिळत नाही, तेव्हा या चित्राकडे पाहून मन रमते, असे त्याने दरबाऱ्यांना सांगितल्याची नोंद आहे.

‘चेकगादो’ म्हणून ओळखली जाणारी ही चित्रशैली पुढे सरदारांच्या दिवाणखान्यांत गेली आणि तिथून सामान्यांच्या घरांतही पोहोचली. ज्यांच्याकडे पुस्तके नव्हती, त्यांनीही पुस्तकांची चित्रे लावली. मॉलमधील भिंती या परंपरेतून आल्या असे म्हणता येणार नाही. मात्र पुस्तकांचे कपाट ही नुसती पाहण्याचीही गोष्ट असू शकते, हे कोरियाला नवे नाही. फरक एवढाच, की जोंगजोकडे चित्रातल्या कपाटाबरोबर खरे ग्रंथालयही होते.

मग वाचन वाढले का?

आकडे उलटे बोलतात. कोरियाचे संस्कृती मंत्रालय दर दोन वर्षांनी राष्ट्रीय वाचन पाहणी करते. वर्षभरात अभ्यासाव्यतिरिक्त किमान एक पुस्तक वाचणाऱ्या प्रौढांचे प्रमाण १९९४ च्या पहिल्या पाहणीत ८६.८ टक्के होते. २०२३ मध्ये ते ४३ टक्क्यांवर आले, आणि त्यात ई-पुस्तके व श्राव्य पुस्तकेही धरलेली आहेत. म्हणजे दहापैकी जवळपास सहा प्रौढांनी वर्षभरात एकही पुस्तक हाती घेतले नाही. प्रौढांची सरासरी वर्षाला ३.९ पुस्तके इतकीच भरली. कामामुळे वेळ नाही आणि मोबाइलसारखी इतर माध्यमे वेळ खातात, ही प्रमुख कारणे लोकांनी सांगितली.

या घसरणीचे खापर मॉलमधील ग्रंथालयांवर फोडणे चुकीचे ठरेल. ती फार आधी सुरू झाली होती. पण पुस्तकांजवळ गर्दी जमली म्हणजे वाचन वाढले, असा निष्कर्षही काढता येत नाही. दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हान कांग यांना साहित्याचे नोबेल जाहीर झाल्यावर काही दिवसांतच त्यांच्या पुस्तकांच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पुस्तक हातात असणे हीच फॅशन मानणारी तरुणाई कोरियात दिसू लागली आहे. तिच्यासाठी अशा जागा हे पहिले पाऊल ठरू शकते.

खरे ग्रंथालय आणि हे यांत फरक काय?

ग्रंथालय म्हणजे फक्त कपाटे नव्हेत. पुस्तक घरी नेण्याची सोय, संग्रहाची निवड करणारा ग्रंथपाल, न सापडणारे पुस्तक दुसरीकडून मागवण्याची व्यवस्था आणि ही सेवा बंद पडू नये म्हणून सरकारवर असलेली जबाबदारी, हे सारे त्यात येते. मॉलमधील जागा कंपनीच्या मर्जीवर आहे. उद्या हिशेब बदलला, तर तिथे दुसरे काही येऊ शकते, आणि त्याविरुद्ध नागरिकाला दाद मागता येणार नाही.

सार्वजनिक ग्रंथालय आणि मॉल एकत्र येऊ शकत नाहीत, असे मात्र नाही. सिंगापूरमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय मंडळाच्या शाखा थेट मॉलमध्ये आहेत आणि तिथून पुस्तके घरी नेता येतात. कोरियातही १,२०० हून अधिक सार्वजनिक ग्रंथालये गाजावाजा न करता हे काम करत आहेत. ‘चेकइउम’ योजनेत एकाच कार्डावर देशभरातील सहभागी ग्रंथालयांतून पुस्तके घेता येतात. मेट्रो स्थानकांवर पुस्तके देणारी यंत्रे आहेत. सुवॉनशेजारच्या योंगिन शहराने २०१५ मध्ये तर नवी वाट पाडली. वाचकाने हवे ते नवे पुस्तक जवळच्या दुकानातून घ्यावे, वाचून परत करावे. पैसे ग्रंथालय देते आणि पुस्तक त्याच्या संग्रहात जाते. वाचकाला ताजे पुस्तक मिळते आणि छोटे दुकानही तगते. ही योजना पुढे इतर अनेक शहरांनी उचलली.

पाहायला जायचे तर काय लक्षात ठेवावे?

कोएक्सला जाण्यासाठी मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावरील समसोंग किंवा नवव्या मार्गावरील बोंगउन्सा स्थानकावर उतरावे. ग्रंथालय सकाळी साडेदहा ते रात्री दहापर्यंत खुले असते. गर्दी टाळायची असेल, तर कामाच्या दिवशी सकाळी जाणे उत्तम. छायाचित्रे काढण्यास मनाई नाही, मात्र आजूबाजूला खरोखर वाचणारे लोक असतात, याचे भान ठेवावे. समोरच रस्त्यापलीकडे आठव्या शतकात स्थापन झालेले बोंगउन्सा हे बौद्ध मंदिर आहे. सुवॉनला गेल्यास ह्वासोंग किल्ला आणि मॉल एका दिवसात होतात.

त्याच सहलीत एक खरे सार्वजनिक ग्रंथालयही जोडावे. सोल महापालिकेची १९२६ मधील जुनी इमारत २०१२ पासून ग्रंथालय आहे. तिच्यासमोरच्या हिरवळीवर २०२२ पासून ठरावीक महिन्यांत खुले वाचनालय भरते. उत्तरेकडील उइजोंगबू शहरात २०१९ मध्ये उभे राहिलेले कला ग्रंथालय देखणेपणात मॉलला हार जात नाही, आणि तिथले पुस्तक सभासदाला घरी नेता येते. सुंदर इमारत आणि खरी ग्रंथसेवा यांतले एकच निवडावे लागते असे नाही, हे उइजोंगबूने दाखवले आहे. मॉलने पुस्तकांभोवती माणसे बसवून दाखवली. त्यांच्या हाती पुस्तक देऊन त्यांना घरी पाठवण्याचे काम मात्र आजही सार्वजनिक ग्रंथालयांनाच करावे लागते.