गंजिफेच्या पानाचे वय

म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) हे गंजिफेचे मोठे शोकीन. 'श्रीतत्त्वनिधि' या ग्रंथात त्यांच्या १३ डावांची नोंद आहे. सर्वांत मोठ्या डावास ३६० पाने लागत. आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा त्यामानाने आटोपशीर, १२० पानांची.

आज या दोन्ही परंपरांतील पाने पुन्हा रंगविली जातात, आणि जुन्या पानांच्या संग्राहकाची अडचण तेथेच सुरू होते. छापील नक्कल भिंगाखाली ठिपके दाखवून आपली कबुली आपणच देते. पण हाताने रंगविलेल्या नव्या पानाचे काय? रीत तीच, कौशल्यही तेच. कारागीर कोणास फसवीत नाही. फसवितो तो पानास धूर देऊन ते 'राजवाड्यातले' म्हणून विकणारा मधला मनुष्य. त्या सौद्यात जिवंत चित्रकाराचे नाव मात्र बुडते.

अशा वेळी प्रथम कडा पाहाव्यात. खेळातले पान बोटे लागतात तेथे अधिक झिजते; मुद्दाम मळविलेले सर्वत्र सारखेच मळते. रंगाची रासायनिक परीक्षा झाली तर फारच उत्तम. टायटॅनियमचा पांढरा रंग १९२० च्या सुमारास बाजारात आला. मूळ रंगकामात तो सापडला, तर पान वडेयरांच्या काळचे नव्हे. न सापडल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही.